सायकल कोकणात

आमच्या पिढीतली वाघोलीची बहुतेक पोरं वाघेश्वराच्या देवळापाशी सायकल शिकली. दांडीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत, एका अंगाला कलंडून. थांबायचं झालं की पार गाठायचा, कारण सीटवरून पाय जमिनीला पोचत नसत. देवळाजवळच सरदार पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. बाळाजी विश्वनाथ आणि पहिल्या बाजीरावांच्या काळातला हा नावाजलेला सरदार. गावात त्यांचं नाव रोज निघायचं, पण ते ज्या पेशव्यांच्या बरोबरीनं वावरले त्या पेशव्यांचं मूळ गाव कुठलं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते कळलं १९८३ साली, आणि तेही सायकलमुळं. ती सायकल माझी नव्हती. आबांची होती.

आबांनी ती घेतली १९६१ साली. त्या वर्षी १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुढं कित्येक महिने जुन्या बाजारात पुराच्या वस्तू विकायला येत होत्या. भांडी, शिवणयंत्रं, घड्याळं, सायकली. आबांना तिथं एक इंग्लंडची रॅले मिळाली. सळईचे ब्रेक, काळा रंग, आणि नळ्यांत भरलेला गाळ. "निम्मी सायकल आन् निम्मी मुठा घिऊन आलो," असं ते म्हणायचे. सगळी खोलून, रॉकेलनं धुऊन, छर्रे नवे टाकून त्यांनी ती उभी केली. मग कॅरियरला लोहाराकडून दोन बाजूंना दोन हूक ठोकून घेतले. त्या हुकांवर पुढं तीस वर्षं आमचं घर लटकलं होतं.

रात्री तीनला म्हशींच्या धारा. चारला दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लावून आबा नगर रस्त्याला लागत. खराडी, चंदननगर, येरवडा, बंडगार्डनचा पूल, आणि मग नाना पेठेतले रतीब. जाऊन येऊन चौतीस किलोमीटर. आमच्याच आळीतून असे सहा-सात जण निघायचे. अंधारात पुढच्याचा कंदील आणि मागच्याची घंटी, एवढ्यावर त्यांचा रस्ता चाले. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी तीस वर्षांत आबांचे तीन लाख किलोमीटर झाले. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे सात वेढे पुरे करून वर आणखी थोडं. हा हिशोब मी फार उशिरा केला. तेव्हा मला फक्त दुसऱ्यांनी घातलेला वेढा माहीत होता.

तो सांगितला आमच्या शाळेतल्या मास्तरांनी. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातल्या तिघांनी, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी, तो पुरा केला. इराण, युरोप, अमेरिका, जपान करत सुमारे ७१ हजार किलोमीटर कापून ते मार्च १९२८ मध्ये परत आले. त्यांनी पुढं त्यावर पुस्तकही लिहिलं. मास्तरांनी हे एका तासात सांगून टाकलं, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. कॉलेजात गेल्यावर दोन मित्र तसेच मिळाले. एकाकडं मामाची सायकल होती. दुसऱ्यानं पुण्यातल्या भाड्याच्या दुकानातून आठ-दहा दिवसांच्या बोलीवर एक उचलायचं ठरवलं. तिथं सायकली तासावर मिळत. दुकानदार म्हणाला, "कोकणात नेणार? मग माझ्या देखत नको, गुपचूप न्या." जग काही आम्हाला झेपणारं नव्हतं. आम्ही तिघांनी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून समुद्र ठरला.

सायकल मागायची कशी, हा प्रश्न होता. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, तरी तोंड उघडेना. शेवटी रात्री जेवताना बोललो. आई म्हणाली, "आन् म्हशींला काय सांगू? आठ-नऊ दिस दूध दिऊ नका?" आबा काहीच बोलले नाहीत. हात धुऊन बाहेर गेले. थोड्या वेळानं अंगणातून आवाज आला, "कॅरियरचं हूक काढून ठिव. वझं कशाला वागवतोस?"

८ नोव्हेंबर १९८३ ला आम्ही निघालो. पुणं ओलांडून स्वारगेट, कात्रजचा जुना बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळ. तिथून उजवीकडं वळून संध्याकाळी भोर. भोर म्हणजे संस्थानाचं गाव, जवळच १९२८ सालचं भाटघर धरण. तोवर सत्तरेक किलोमीटर झाले होते. आबा रोज त्याच्या निम्मं अंतर दुपारच्या जेवणाआधी, त्यातलं निम्मं भरल्या किटल्या घेऊन, काटतात, हे त्या रात्री देवळाच्या ओवरीत पाय चेपताना पहिल्यांदा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी वरंधा घाट. घाटमाथ्यावर वाघजाईचं ठाणं आहे. आमच्या वाघेश्वराची कोणी नातेवाईकच भेटावी तसं वाटलं. खाली शिवथरघळीचं खोरं, जिथं समर्थांनी दासबोध लिहिला असं मानतात. कडेला टपरीवर भजी तळत होते. भजी तळणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी सायकलींचे ब्रेक पाहिले आणि विचारलं, "ह्याच्यावर उतरणार?" मग त्यांनीच उपाय सांगितला. करवंदीची भक्कम फांदी तोडायची, दोरीनं कॅरियरला बांधायची आणि मागं फरफटत न्यायची. फांदी रस्त्याला धरते आणि सायकल आवरते. "आमचा बाप बैलावर मीठ वाहायचा," ते म्हणाले, "उतरणीला बैलबी असाच मागून धराया लागायचा."

ते वाक्य मी विसरलो नाही. घाटातला रस्ता प्रवाशांनी केला, असं आपण म्हणतो. पण हे घाट आधी ओझ्याचे. महाड हे सावित्रीवरचं जुनं बंदर. बाणकोटच्या खाडीतून गलबतं वर यायची, आणि मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जायचं. देशावरून धान्य आणि गूळ उतरायचा. बैलामागून बैलगाडी आली, गाडीमागून ट्रक आला. आमच्या सायकलीसुद्धा त्याच रांगेतल्या. दुधाच्या, पिठाच्या, डब्याच्या. त्या आठ-नऊ दिवसच त्या रिकाम्या होत्या.

महाडला मुक्काम केला. सकाळी चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी इथं ओंजळीनं पाणी प्यायलं. त्याच वर्षी १ जानेवारीला ते आमच्या बाजूला, कोरेगाव भीमाच्या जयस्तंभापाशी आले होते. आमच्या गावापासून तो स्तंभ दहा-बारा किलोमीटरवर. लहानपणी दर एक जानेवारीला आमच्या नगर रस्त्यानं माणसांची रांग जाताना पाहिली होती. ती रांग आणि हे तळं एकाच वर्षाची दोन टोकं आहेत, हे त्या पायरीवर बसल्यावर जुळलं. शाळेत हे धडे वेगवेगळ्या पानांवर होते.

माणगाव, म्हसळा करत तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला श्रीवर्धन आलं. समुद्र दिसायच्या आधी त्याचा आवाज आला. आम्ही तो ट्रकचा समजलो. एका सुपारीच्या वाडीच्या दारात पाणी मागितलं, तर काकांनी आत घेतलं. "वाघोलीचे? म्हणजे पिलाजी जाधवांच्या गावचे!" मी चाट पडलो. इतिहासाचे वेडे गृहस्थ ते. त्यांच्याकडून कळलं, की बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे. इथली देशमुखी त्यांच्या घराण्याकडं होती. सिद्दीच्या त्रासामुळं ते घाट चढून देशावर आले आणि १७१३ साली पेशवे झाले. "तुम्ही आज ज्या वाटांनी उतरलात ना, तशाच कुठल्या तरी वाटेनं आमचा माणूस वर गेला," काका म्हणाले. "आणि वर तुमच्या पिलाजींसारखी माणसं त्याच्या पाठीशी राहिली." पोटभर आंबोळ्या खाऊन त्यांच्या पडवीत आम्ही दोन दिवस राहिलो. हरिहरेश्वरला जाऊन आलो. निघताना काकांनी श्रीवर्धनी रोठ्याची पिशवी दिली. "आबांना द्या. सायकल त्यांची ना?"

येताना वाट बदलली. महाडहून पोलादपूरकडं जाताना सावित्रीचा दगडी पूल लागला. १९२८ सालचा. कठड्याला सायकली टेकवून आम्ही तिथं भाकरी खाल्ली. हाच पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट गेल्या. टीव्हीवर ते पाहताना मला कठड्याचा तो गार दगड हाताला जाणवला होता. पोलादपूरहून आंबेनळी घाट. समुद्राच्या पातळीजवळून जवळपास साडेतेराशे मीटर चढून महाबळेश्वर. गिअर हा शब्द आम्ही स्कूटरच्या संदर्भातच ऐकलेला. अर्ध्याहून जास्त घाट सायकल हातात धरून चढलो. मग पसरणीचा उतार, वाई, खंबाटकी, शिरवळ. १६ तारखेला संध्याकाळी वाघोली.

आबांनी सायकल उलटी केली. चाक फिरवलं. चेनमधून बारीक वाळू गळाली. ती त्यांनी बोटावर घेऊन पाहिली.

"घाट चढताना वझं किती हुतं?"

"वझं नव्हतंच आबा. दोन कपडे आणि चादर."

"मग घाट कसला," असं म्हणून ते हसले आणि हूक परत बसवायला लागले.

आईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं ते आबांनी सांगितलं नसतं. नऊ दिवस ते खाणीच्या ट्रकवर किटल्या टाकून पुण्याला जात होते. ट्रक कधी वेळेवर निघे, कधी नाही. दोन दिवस दूध उशिरा पोचलं, एक दिवस नासलं, आणि नाना पेठेतले दोन रतीब तुटले. दिवाळीनंतरच्या तंगीत दोन रतीब म्हणजे थोडकं नव्हतं. मी आबांना काही विचारलं नाही. लाज वाटली म्हणा किंवा हिंमत झाली नाही म्हणा. सुपारी मात्र ते रोज एक कातरून खायचे. पुरवून पुरवून.

नगर रस्ता नंतर बदलत गेला. वाघोलीच्या खाणींतल्या दगड-खडीनं शहर वाढत होतं, आणि ती खडी वाहणारे डंपर आमच्याच रस्त्यानं जात होते. १९९१ साली पहाटे एका डंपरनं आबांना कट मारला. किटल्या गेल्या, खांद्याचं हाड मोडलं. बरे झाल्यावर ते पुन्हा एकदाच सायकल घेऊन चंदननगरपर्यंत गेले आणि परत आले. "रस्ता ऱ्हायला न्हाई आपला," म्हणाले. त्यांचं दूध तेव्हा थांबलं. आळीतले बाकीचे गवळीही एक-एक करत लुनांवर, टेम्पोंवर गेले, नाहीतर डेअरीला दूध घालू लागले. रस्ता चौपदरी झाला, खराडीत आयटीच्या इमारती आल्या, २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत गेली. गावातून शहरात जायला आता वेगळं निघावंच लागत नाही. पण सायकलवरून हा रस्ता नुसता ओलांडायचा म्हटलं तरी छातीत धडधडतं. आबा २००६ मध्ये गेले.

मी नोकरी केली, निवृत्तीला आलो. सायकल माळ्यावर गेली. पुन्हा तिची आठवण आली ती ३ जून २०२० ला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता, आणि नेमकं त्याच दिवशी अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली. १९५१ पासून घराघरांत सायकली पोचवलेली ती कंपनी. आणि त्याच दिवशी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. मी दिवसभर टीव्हीपुढं बसून होतो. माड आणि पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झालेल्या. त्यात काकांची वाडी कुठली, हे शोधत होतो.

पुढच्या जानेवारीत मुलगी म्हणाली, "पप्पा, नुसतं सांगता काय, चला की." तिच्याकडं एकवीस गिअरची सायकल. माझ्यासाठी तिनंच एक जुनी गिअरची मिळवली. पहाटे तीनला निघालो, आबांच्या वेळेच्याही आधी, म्हणजे पुणं झोपेत असतानाच पार होईल. या वेळी मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव आणि श्रीवर्धन. काका राहिले नव्हते. वाडीत बुंधे पडलेले होते आणि मधूनमधून हातभर उंचीची नवी रोपं. काकांच्या मुलानं सांगितलं, पोफळ धरायला पाच-सात वर्षं तरी लागतात. "तोवर काय, लावत राहायचं," म्हणाला. मी पडवीत बसलो. त्याच पडवीत. मुलीनं फोटो काढला नाही. तिला कळलं असावं.

तिथून पुढं आम्ही १९८३ ला गेलो नव्हतो तो रस्ता धरला. तेव्हा खाड्या आडव्या यायच्या आणि होडीत सायकल घालायची म्हणजे नावाड्याच्या मर्जीचा मामला. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली, मग बाकीच्या खाड्यांवरही झाल्या. बागमांडल्याला बोटीत चढलो आणि वेश्वीला उतरलो. शेजारी बाणकोट, आणि जरा पुढं वेळास. नाना फडणवीसांचं हे गाव आता समुद्री कासवांसाठी ओळखलं जातं. नानांचा वाडा मात्र मी १९८३ ला वाईजवळ मेणवलीला पाहिला होता. म्हणजे हेही घराणं घाट चढून वर आलेलं. मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, आणि पलीकडं उतरून गुहागर.

किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो, हा आम्हा देशावरच्या माणसांचा गैरसमज. प्रत्येक गाव समुद्रालगत, प्रत्येक दोन गावांमध्ये जांभ्याचा सडा. उतरायचं, गाव ओलांडायचं, की पुन्हा चढ. दिवसाला पन्नास किलोमीटर म्हणजे पुष्कळ. पण फेरीबोटीची वाट पाहताना जी अर्धा-पाऊण तासाची बसकण मिळते, तिच्यात माणसं भेटतात. मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, शाळेचे मास्तर, गॅसच्या टाक्या लादलेली मोटरसायकल. आता या खाड्यांवर पूल बांधायचं घाटत आहे. झाले पाहिजेत, तिथल्या माणसांना दवाखाना गाठायचा असतो. फक्त पूल झाले की सायकलीला कडेची दोन फूट जागा ठेवा, एवढंच मागणं. आमच्या नगर रस्त्यावर ती ठेवायची राहिली.

रविवारी पहाटे अजूनही मी निघतो. खराडी, विमाननगरच्या सोसायट्यांतली तरुण पोरं भेटतात, डोक्याला हेल्मेट, लुकलुकते दिवे. ती विचारतात, "काका, इथं कुठं जाण्यासारखं आहे?" मी सांगतो. हमरस्ता सोडून केसनंदवरून थेऊरला जा. चिंतामणीचं दर्शन घ्या, थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये इथंच वारले. किंवा लोणीकंदवरून तुळापूरला जा, भीमा-इंद्रायणीच्या संगमावर. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा शेवट जिथं झाला ती जागा पाहा, आणि मग बोला. दोन्हीकडं उसाची शेतं अजून शिल्लक आहेत. आणि वाटेत किटल्या लावलेला कोणी भेटलाच, तर घंटी वाजवून त्याला आधी वाट द्या. तो फिरायला निघालेला नसतो.

फिरायला सायकल लागते, रस्ता लागतो, पण सगळ्यात आधी रजा लागते. जग फिरून आलेल्या त्या तिघांची नोंद इतिहासात आहे, आणि ती असायलाच हवी. नगर रस्त्यावर सात वेढे घातलेल्या माणसाची नोंद कुठं नाही, कारण त्यानं घातलेला प्रत्येक वेढा नाना पेठेत संपत होता. आबांना आयुष्यात नऊ दिवसांची रजा मिळाली नाही. जी मिळण्यासारखी होती ती त्यांनी मला दिली.

२०२२ साली जुनं घर उतरवलं. पत्र्याच्या ट्रंकेत रतिबाच्या वह्या सापडल्या. आबा चौथीपर्यंत शिकलेले. अक्षर मोठं, ओळ तिरपी. १९८३ ची वही उघडली. रोजच्या पानावर गिऱ्हाइकाचं नाव आणि पुढं लिटर. ८ नोव्हेंबरला वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'सायकल कोकणात'. ९ ला तेच. १० ला तेच. १२ ला दोन नावांवर रेघ मारलेली, आणि कोपऱ्यात पुन्हा तेच, 'सायकल कोकणात'. असे नऊ दिवस. १७ तारखेच्या पानावर दोनच शब्द होते.

'सायकल आली.'